असेल ती चालेल

सिस्टरने औषधाच्या पंपाची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसली, पडदा उजळला, आणि सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, कोणी वाचू नये अशाच बेताने बसवलेल्या बारीक अक्षरांत एक आकडा क्षणभर आला आणि गेला. त्याच्या जागी लगेच मोठी निळी अक्षरं आली, औषधाचं नाव आलं, तासाला किती जायचं ते आलं, आणि सिस्टर ते पुटपुटत बटणं दाबायला लागली. तिच्या दृष्टीने काहीच झालं नव्हतं. वडिलांच्या दृष्टीने तर नाहीच. ते ऑपरेशननंतरच्या त्या गुंगीत होते, जिच्यात माणूस जागा असतो पण हजर नसतो. पण तो उशाशी उभा होता आणि त्याने आकडा वाचला होता. तीन तुकड्यांचा आकडा, मध्ये टिंबं. अशा आकड्याला आवृत्ती म्हणतात, आणि ही आवृत्ती त्याने स्वतः बांधली होती. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा त्याला अभिमानच वाटला. आपल्या हातची वस्तू आपल्या बापाच्या कामी यावी, हे किती जणांच्या नशिबात असतं? ‘बाबा, हे माझं’ असं सांगायला तो खाली वाकलासुद्धा. आणि वाकलेला असतानाच, तोंड उघडलेलं असतानाच, त्याला प्रश्न पडला. ही आवृत्ती आपण नक्की कुठे बांधली होती?  त्याने वडिलांच्या अंगावरची चादर उगाचच नीट केली आणि सरळ झाला.

त्याचं काम सांगायला अवघड आणि करायला कंटाळवाणं होतं. ऑफिसात त्याला पुडीवाला म्हणत. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम घ्यायचे, यंत्राला पचतील असे करायचे, त्यांचं पॅकेज बांधायचं, वर चिठ्ठी लावायची आणि पाठवून द्यायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मान असतो, विकणाऱ्याला पैसा असतो. पुडी बांधणाऱ्याची आठवण पुडी फुटली तरच होते. सगळी मेख त्या चिठ्ठीत असायची. कारण कुठलाच प्रोग्राम एकटा नसतो. लागेल ते सगळं बरोबर घेऊन निघाला तर प्रत्येक पुडी ट्रंकेएवढी होईल, म्हणून तो निम्मी कामं उसनवारीवर भागवतो. प्रत्येक यंत्रात एक सामायिक कपाट असतं, त्यात लायब्ऱ्या, म्हणजे तयार कामांचे गठ्ठे, ठेवलेल्या असतात, कोणी गणित करणारी, कोणी वेळ मोजणारी, आणि तिथले सगळे प्रोग्राम त्याच मागून वापरतात. इमारतीत एकच शिडी असावी आणि ज्याला दिवा बदलायचा त्याने ती घेऊन जावी, तसं. चिठ्ठीवर फक्त लिहायचं असतं की मला अमुक लायब्ररी लागते, अमुक आवृत्तीची किंवा तिच्यानंतरची; ती असेल तरच मला आत घ्या. वडिलांना त्याने हे एकदा शिडीसकट समजावून सांगितलं होतं. वडील आयुष्यभर बस चालवून घरी बसलेले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे तू शिडी बनवत नाहीस, शिडीवर चढत नाहीस, शिडी आहे का एवढं विचारून येतोस, आणि याचा पगार देतात? मग दोघंही बराच वेळ हसले होते.

पुडी कुठे बांधायची याबद्दल मात्र ऑफिसात कडक दंडक होता. प्रत्येकाच्या स्वतःच्या मशीनवर वर्षानुवर्षांचा पसारा असतो, कधी काय आणून टाकलं ते ज्याचं त्याला आठवत नाही. म्हणून एक कोरं मशीन ठेवलेलं होतं. दर वेळी पाटी पुसावी तसं पुसून ते नवं केलं जायचं आणि पॅकेज त्याच्यावरच बांधायचं. म्हणजे जे नाही ते नाही हे तिथल्या तिथे कळतं. आपल्या मशीनवर बांधलं की प्रोग्रामचा भलताच समज होतो. आपल्या कपाटात जी शिडी आहे ती जगभर आहे असं तो धरून चालतो. आणि त्याच्या मशीनच्या कपाटात तशी एक शिडी होती. अजून कोणाकडे न पोचलेली एक नवी लायब्ररी, करून बघू म्हणून त्याने हाताने टाकलेली आणि मग काढायची राहिलेली. ही आवृत्ती बांधली ते दिवस त्याला आठवत होते. पंपवाल्यांची, म्हणजे हे पंप बनवणाऱ्या कंपनीची, घाई चालली होती, त्याच्या वरच्या मॅडम दर थोड्या वेळाने येऊन खुर्चीमागे उभ्या राहत होत्या. कोरं मशीन तेव्हा अडून बसलं होतं, हेही आठवल्यासारखं वाटत होतं. पण तेव्हाच, की त्याच्या आधीच्या खेपेला? ‘आत्ता आपल्यावर बांधू, उद्या कोऱ्यावर पुन्हा बांधून टाकू’ असं आपण मनाशी म्हटलं हे त्याला स्पष्ट आठवत होतं. तो उद्या आठवत नव्हता. रोजचं काम आठवत नाही हाच रोजच्या कामाचा गुण असतो. आईचं कुलूप असंच होतं. सगळे नटूनथटून निघायचे, गल्लीच्या टोकाला पोचायचे, आणि आईचा चेहरा बदलायचा. कुलूप लावलं ना रे मी? कोणी काही म्हणायच्या आत ती मागे वळलेली असायची, आणि दर वेळी कुलूप लागलेलं असायचं. वडील चिडून म्हणत की पुढे बघून चालावं, मागचं बघायला आरसा असतो. त्याला लहानपणापासून वाटायचं की आपण वडिलांवर गेलो. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि पलंगाची लोखंडी कड धरून उभं असताना त्याला वाटलं की आपल्यात काही उरलं असेल तर ते तिचंच.

तो पंपाकडे बघत राहिला. पंप ठीक चालला होता. औषधाची मोठी सिरिंज आडवी बसवलेली, तिचा दट्ट्या डोळ्यांना दिसणार नाही इतक्या सावकाश पुढे सरकत होता, आणि नळी वडिलांच्या गळ्याजवळच्या पट्टीखाली नाहीशी होत होती. चालतोय म्हणजे सगळं आलबेल, असं दुसरं कोणीही म्हटलं असतं. त्याला तसं म्हणता येत नव्हतं, कारण प्रोग्रामच्या जातीचा आळस त्याला ठाऊक होता. सुरू होताना प्रोग्राम कपाट उघडून सगळं सामान मोजून घेत नाही. लायब्ररी त्या नावाची आहे ना, एवढं बघतो आणि कामाला लागतो. तिच्यातलं एखादं काम करायची वेळ पहिल्यांदा येते तेव्हाच तो ते शोधायला जातो. शिडी नसली तरी दिवा जाईपर्यंत काही बिघडत नाही. महिनोन्महिने चालेल, सगळे खूश राहतील, आणि एक दिवस कोणीतरी एक बटण दाबेल, प्रोग्राम कपाटाशी जाईल, तिथे हात घालेल, आणि हाताला काहीच लागणार नाही. मग तो माफी मागत नाही, दुसरा उपाय शोधत नाही. जागच्या जागी संपतो. कुठलं बटण, हेही त्याला शोधावं लागलं नाही. नव्या लायब्ररीत जास्तीचं असं एकच काम होतं. औषध हळूहळू कमी करत न्यायचं गणित. पंपाच्या पडद्यावर त्याचं बटण होतं, त्यावर एक तिरकी रेघ काढलेली आणि खाली लिहिलेलं, उतार.

डॉक्टर आले तेव्हा सकाळचं ऊन खिडकीतून समोरच्या भिंतीवर पोचलं होतं. तरुण, घाईतले, बोलताना कागदाकडे बघणारे. त्यांनी वडिलांचा हात दाबला, पडद्यावरचे आकडे पाहिले, समाधानाने मान हलवली. रक्तदाब धरून ठेवण्यापुरतंच हे औषध होतं, ते म्हणाले. आता शरीर स्वतः धरतंय असं दिसतं, दुपारनंतर सोडवायला घेऊ. त्याने विचारलं की एकदम बंद झालं तर? डॉक्टरांनी पहिल्यांदाच कागदावरून नजर उचलली. “एकदम बंद करायचं नसतंच हे. एकदम बंद झालं तर प्रेशर खाली कोसळेल, ह्या वयात हृदयाला ते झेपायचं नाही. म्हणून तर उतार लावायचा. हे नवे पंप आलेत ना, बटण दाबलं की आपोआप करतात.” आणि सिस्टरला सांगितलं, दुपारी यांना उतार लावा. सिस्टरने मान डोलावली.  प्रोग्राम संपला तर पंपाचा दट्ट्या थांबतो. भोंगा वाजवायचा तोही त्याच प्रोग्रामने. वेगळा जादा भोंगा असतो म्हणे. असतो की नाही, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. ते पुडीच्या बाहेरचं होतं.

वडील जागे झाले आणि त्यांनी त्याला पंपाकडे टक लावताना पकडलं. काय बघतोस त्या डब्याकडे, सिनेमा लागलाय का, असं त्यांनी विचारलं; आवाज खरवडून काढल्यासारखा, पण चेष्टा तीच. तो म्हणाला, काही नाही. वडिलांनी डोळे मिटले. त्यांचा हात चादरीवर पडला होता, सुया टोचून काळानिळा झालेला, आणि त्या हाताकडे बघता बघता त्याला घाटातली बस आठवली. सुट्टीत ते त्याला बरोबर न्यायचे, इंजिनाच्या उबदार झाकणाशेजारच्या सीटवर बसवायचे. एकदा उतारावर त्याने विचारलं होतं की ब्रेक लागतो की नाही हे आधी कसं कळतं. वडील हसून म्हणाले, लावल्यावर कळतं. त्या दिवशी लावला आणि लागला नाही. पाय आत गेला तो गेलाच. वडिलांनी गिअर पाडले, बस डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात घुसवली. माणसं उतरली, कोणी रडली, कोणी लगेच विनोद करायला लागली. वडिलांनी बाटली तोंडाला लावली तेव्हा पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं. घरी गेल्यावर हे आईला सांगायचं नाही, एवढंच ते त्याला म्हणाले. त्याने कधीच सांगितलं नाही. न सांगणं ही त्या घरातली मोठ्या माणसाची खूण होती, आणि त्याला लवकर मोठं व्हायचं होतं.

शेजारच्या पलंगावर एक म्हाताऱ्या बाई होत्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचंही काहीतरी असंच मोठं ऑपरेशन झालेलं, त्यांनाही तेच औषध चालू होतं, पण जुन्या पंपातून; कडा पिवळ्या पडलेल्या, पडद्याला एक चरा. त्यांची मुलगी सतत काहीतरी करत असायची, आईचे पाय चेपायची, नखं कापायची, नाहीतर पाण्याच्या बाटल्या भरून आणायची, आणि आणताना त्याचीही भरून आणायची. आल्या दिवसापासून ती त्याला दादा म्हणायला लागली होती. रुग्णालयात नाती पटकन जमतात आणि डिस्चार्ज मिळाला की तितक्याच पटकन सुटतात. आत्ता ती त्याला विचारत होती की तुम्ही काही खाल्लंय का, चेहरा उतरलाय तुमचा. त्याने काहीतरी हो-नाही केलं. त्याचं लक्ष चिठ्ठीकडे गेलं होतं, इथल्या कुठल्या कागदाकडे नव्हे, त्या पॅकेजवरच्या चिठ्ठीकडे, कारण इतका वेळ ज्याच्याभोवती मन घिरट्या घालत होतं तिथे ते आता पोचलं होतं.

पंपवाल्यांनी पॅकेज परत पाठवलं होतं. पहिल्यांदा पाठवलं तेव्हा त्यांच्या भांडाराने, म्हणजे आलेली पॅकेजं तपासून साठवणाऱ्या त्यांच्या मशीनने, ते घेतलंच नव्हतं. बांधणारं हत्यार चिठ्ठीची ओळ आपणहून लिहितं, ज्या लायब्ररीवर बांधलं तिचीच आवृत्ती त्यात मागतं, आणि भांडाराचं म्हणणं होतं की एवढी नवी लायब्ररी आमच्या पंपांत नाही, माल आत येणार नाही. दारावरचा रखवालदार बरोबर बोलत होता. आणि त्याने काय केलं होतं? मॅडम खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांच्या सेंटचा वास त्याला आत्ताही आला. काय अडलंय, असं त्यांनी विचारलं आणि तो म्हणाला, काही नाही, चिठ्ठी उगाच हट्ट करतेय. त्याने ती ओळ हाताने खोडली आणि तिच्या जागी लिहिलं की असेल ती आवृत्ती चालेल. भांडाराने पॅकेज गपगुमान आत घेतलं. ऑफिसातल्या चाचणीच्या पंपावर सगळं चाललं, उतारसुद्धा सुरेख लागला. आणि चालणारच, त्या पंपाचं कपाट त्यानेच आपल्या मशीनवरून भरलं होतं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. लोक घरी गेले. आता त्याच्यापाशी बुडत्याची काडी एकच उरली होती, तो उद्या. त्या उद्या आपण कोऱ्या मशीनवर पुन्हा बांधून, खरी चिठ्ठी लावून, त्याच आकड्याने गुपचूप पॅकेज बदललं असेल. तसा तो करायचा. तसं केल्याचं त्याला जवळजवळ दिसतही होतं, खिडकीतला उजेड, हातातला कप. पण ते चित्र कुठल्याही सकाळचं असू शकत होतं.

तो वॉर्डाबाहेरच्या लांब बोळात गेला आणि त्याने चष्म्याला फोन लावला. चष्मा म्हणजे त्याचा ऑफिसातला जोडीदार, कोऱ्या मशीनची देखभाल करणारा, जगातल्या कुठल्याच गोष्टीने न घाबरणारा. मागे भांडी वाजत होती. आधी इकडचं तिकडचं झालं. मग त्याने आवाज शक्य तितका सैल ठेवून विचारलं.

“कोरं मशीन बंद पडलं होतं, ते कधी रे?”

“डिस्क गेली तेव्हा? उतारवाली आवृत्ती पाठवली ना आपण, तेव्हाच. चांगलं दोन-तीन आठवडे मेलेलं होतं. का?”

“काही नाही, असंच. कोणीतरी विचारत होतं.”

“बाबा कसे आहेत?”

“बरे आहेत,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

तो उद्या नव्हताच. इतका वेळ भीतीला निदान शंकेची सोबत होती. आता ती एकटी उरली आणि एकदम मोठी झाली. बोळात फिनेलचा वास होता, एक माणूस खुर्चीवर तोंड उघडं टाकून झोपला होता, एका स्ट्रेचरचं चाक कुरकुरत लांब जात होतं, आणि या सगळ्याला काहीच कसं माहीत नाही याचं त्याला नवल वाटलं. सरळ जाऊन सांगावं. सिस्टर, हा पंप बदला, त्यातला प्रोग्राम बिघडलेला आहे, तो मी पाठवला आहे. वाक्य तोंडात तयार झालं आणि त्याच्यामागून इतर वाक्यं रांगेने आली. तुम्हाला कसं कळलं? तुम्ही खोडलंत? कोणाच्या परवानगीने? मॅडमचा चेहरा आला, मग कोणी गणवेशातली माणसं आली, मग वर्तमानपत्र, मग त्याची लहान मुलगी शाळेच्या फाटकाशी. एवढंच का, चार ठिकाणी पोचलेले पंप, चार गावं, कोण जाणे किती उशांशी उभे असलेले पंप, हेही आलं. पण त्याने ते बाजूला सारलं. ते नंतर बघू. आधी हा एक पंप. हा एक पंप या एका माणसाच्या उशाकडून हलला की मग डोकं चालेल, मग शांतपणे ऑफिसला जाऊ, नवं पॅकेज बांधू, कोणालाही न कळता सगळीकडे पाठवू. उतार काही सगळेच लावत नसतील. भ्यालेला माणूस हिशेब फार भरभर करतो आणि उत्तर नेहमी आपल्याकडून काढतो.

म्हणून त्याने सिस्टरला गाठलं आणि म्हणाला की बाबांना त्या नव्या पडद्याचा उजेड डोळ्यांवर येतो, झोप लागत नाही, दुसरा एखादा पंप मिळेल का. इतकी साधी थाप, आणि किती सहज निघाली. सिस्टर मध्यमवयीन होती, पाय दुखत असल्यासारखी चालायची, नातेवाइकांच्या तऱ्हा तिला नव्या नव्हत्या. सगळे पंप लागलेले आहेत, ती म्हणाली, तरी बघते. बघाच, तो म्हणाला, आणि पुन्हा बोळात जाऊन ताईला फोन केला. ताई, त्याची मोठी बहीण, संध्याकाळी यायची होती. ती वडिलांच्या पेजेपासून डॉक्टरांच्या फीपर्यंत सगळं विचारत राहिली आणि तो उत्तरं देत राहिला. बोलता बोलता तिने विचारलं की तुझा आवाज असा का येतोय, आणि तो म्हणाला, बोळात आहे ना, घुमतो.

तो परत आला तेव्हा वडिलांच्या उशाशी पिवळ्या कडांचा जुना पंप होता. दट्ट्या सरकत होता. पडद्यावर उतारबितार काही नव्हतं, जुन्या आवृत्तीत ते नसायचंच. सिस्टरला येऊन येऊन हाताने आकडा कमी करावा लागेल, एवढंच. त्याच्या जिवात जीव आला. खरोखरच आला; छाती मोकळी झाल्याचं, कानातला आवाज थांबल्याचं त्याला कळलं. सुंठीवाचून खोकला गेला. त्याने वडिलांच्या कपाळावर हात ठेवला, असा तो कधी ठेवत नसे. मग त्याला त्या पंपाच्या पडद्यावरचा चरा दिसला. त्याने मान वळवली. नवा पंप बाईंच्या उशाशी होता.

“आमचाच दिला, दादा,” बाईंची मुलगी म्हणाली. तिला आपण काही फार केलं असं वाटतही नव्हतं. सिस्टर शोधत होत्या, कुठे मिळेना, मग तिनेच सुचवलं की आमचा घ्या, आईचे डोळे तर मिटलेलेच असतात, तिला कसला उजेड. आणि हा नवा आहे म्हणे, जास्त चांगला. तो थँक्यू म्हणाला.  ती हसली आणि पुन्हा आईची तळपावलं चोळायला लागली. बाईंच्या पायाला पांढरे मोजे होते, एका मोज्याला अंगठ्याशी रफू केलेलं. त्याला ते रफू बघवेना आणि दुसरीकडे बघताही येईना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इतका वेळ त्याला एकच बाप मरताना दिसत होता, आणि आता या बाई. पण यांचं औषध आज कमी करणार कशावरून? त्यांच्या डॉक्टरांनी तसं काही म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. उद्या करतील, परवा करतील; तोवर तो काहीतरी करेल. उजेडाची थाप बाईंच्या नावाने पुन्हा मारता येईल का, याचाही त्याने विचार केला, आणि आपण तसा विचार केला याची त्याला भीती वाटली. ही भीती सकाळच्या भीतीसारखी नव्हती. सकाळची भीती त्या डब्याची होती. ही त्याला स्वतःचीच वाटत होती. वडिलांना झोप लागली होती, ते हलकं घोरत होते, आणि त्या आवाजाने एरवी त्याला बरं वाटलं असतं.

भिंतीवरचं ऊन सरकून जमिनीवर आलं तेव्हा सिस्टर आली. आधी वडिलांकडे गेली, जुन्या पंपाचा आकडा बोटाने एक पायरी खाली आणला, रक्तदाब बघितला, ठीक, म्हणाली. मग हातातल्या कागदाकडे बघून बाईंकडे वळली. “चला बाई, तुमचंही सोडवायला घेऊ. डॉक्टर आत्ताच सांगून गेले.” आणि मुलीला म्हणाली की बरं झालं हा पंप तुमच्याकडे आला, तुमच्यासाठी तरी मला फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. मुलगी उठून बाजूला झाली, सिस्टरला जागा करून दिली. सिस्टरने पडदा जागा केला. तिरकी रेघ असलेलं बटण खालच्या ओळीत होतं. त्याला वाटलं की बोलायला अजून वेळ आहे, आणि त्याच वेळी वाटलं की न बोलायलाही वेळ आहे, फक्त इथेच उभं राहायचं, काही करायचं नाही, लावल्यावर कळेल.  सिस्टरचं बोट खाली आलं.

“सिस्टर, ते बटण दाबू नका.”

तिने वळूनही पाहिलं नाही. कमी करून देते हो उजेड, ती म्हणाली.

“उजेडाचं नाही. मी खोटं बोललो. या पंपातला प्रोग्राम मी पाठवलाय. ते बटण दाबलं की पंप बंद पडेल.”

सिस्टरचं बोट तिथेच राहिलं. मग तिने ते मागे घेतलं, मूठ मिटली आणि वळून त्याच्याकडे नीट पाहिलं, या वॉर्डात इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. नक्की? तिने विचारलं. तो म्हणाला, नक्की.  असे पंप सगळ्या वॉर्डांत आलेत, एवढं ती स्वतःशीच म्हणाली, आणि दुखऱ्या पायांनी जमेल तितकं धावत दाराशेजारच्या टेबलाकडे गेली. तिने फोन उचलल्याचं, आकडे दाबल्याचं त्याला ऐकू आलं. उतार लावू नका, कोणीच लावू नका, नव्या पंपांवर, हो, आत्ताच कळलंय. मग दुसरा वॉर्ड, तेच शब्द. वडील जागे झाले होते आणि छताकडे बघत होते. त्यांनी किती ऐकलं ते कळत नव्हतं.

“दादा,” मुलगी म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “हे तुम्हाला कधी कळलं?”

“सकाळी.”

“म्हणजे बदलून मागितलात तेव्हा माहीत होतं.”

“हो,” तो म्हणाला. तिने पुढे ऐकून घ्यावं म्हणून त्याने एक पाऊल टाकलं. त्याला सांगायचं होतं की तो तुमच्याकडे येईल हे माहीत नव्हतं, देवाशपथ माहीत नव्हतं, आणि ते खरं होतं. तिने पलंगाशेजारची खुर्ची उचलली, तो आणि तिची आई यांच्या बरोबर मध्ये आणून ठेवली, आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. तिकडे सिस्टर तिसऱ्या वॉर्डाशी बोलत होती, तेच शब्द, उतार लावू नका, कोणीच लावू नका. मग ती मध्येच थांबली. पलीकडचं माणूस काहीतरी सांगत होतं आणि ती ऐकत होती.

“लावलात?” सिस्टरने विचारलं. “कधी?”